तीन काळी बटणं

कुपवाडच्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचा ढोल बनवला, तेव्हा तो नुसता चालून हंबीररावांचं भागणार नव्हतं. तो भारदस्त दिसायला हवा होता. पलटणीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस, सगळं कसं टापटीप. तिन्ही बटणं एकसारखी काळी. वर पितळी पट्टी, आणि तिच्यावर खास वाईच्या एका शास्त्रीबुवांकडून आणलेले शब्द: प्रचालन, विराम, प्रतिगमन. बायको, शालूबाई, म्हणाली होती, "सुरू, बंद, उलटं, असं लिवा की." हंबीरराव नुसते हसले होते.

पहिला ढोल सांगलीत लालासाहेब व्यापाऱ्यांच्या वखारीत बसला. चालवायला बयाबाई होती.

"दादा, कुठलं दाबू?" तिनं विचारलं.

"लिवलंय की. वाचा."

ती प्रौढ वर्गात नुकतीच वाचायला शिकलेली. एकेक अक्षर लावत बसली तसे हमाल हसले. तिनं घाईनं पहिलं बटण दाबलं. ढोल फिरू लागला आणि हंबीररावांची छाती फुगली.

हळकुंडं ओतायला बयाबाई वाकली आणि तिचा पदर ढोल फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला. दोन्ही हातांनी लुगडं धरून ती मागं रेटत राहिली. हंबीरराव बटणांकडे धावले आणि तिथंच थांबले. स्वतः निवडलेले तीन शब्द समोर होते, आणि त्यातला थांबवायचा कोणता, हे काही केल्या कळेना. बोट नुसतं या बटणावरून त्या बटणावर. शेवटी एका हमालानं भिंतीवरचा मेन स्विच पाडला.

बयाबाई सुटली. फाटकं लुगडं अंगाभोवती लपेटत म्हणाली, "चुकलं माजं, दादा. मला नीट वाचता येत न्हाई."

"उद्यापासनं येऊ नगंस," लालासाहेब म्हणाले. "अडाण्याचं काम न्हवं हे."

हंबीररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिले असते तर ढोल खपला असता, अब्रूही राहिली असती. मान खाली घालून ते म्हणाले, "सायेब, तिला काडू नगा. शब्द मी निवडलं. आन मलाच वाचता आलं न्हाईत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ दे मग तिला," एवढंच लालासाहेब बोलले.

हंबीररावांनी पेचकस काढला, पट्टी उतरवली आणि बयाबाईकडे न बघताच विचारलं, "बाई, ढोल थांबवायचा, तर तुमी काय म्हणता?"

पुन्हा परीक्षाच घेतायत असं वाटून ती घाबरली.

"बंद," ती हळूच म्हणाली. "चुकलं का, दादा?"