फाटकाचं चाक

आमच्या गल्लीला झोपायची परवानगी माझे बाबा देतात, असं काका म्हणायचे. गल्लीच्या टोकाला खाडीचं लोखंडी फाटक आहे, वरून खाली सरकणारं, आणि भरतीच्या आधी ते पाडणं हे बाबांचं काम. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर चढतोय, त्यामुळे बाबांचा भावही चढलेला. माझ्याएवढं उंच चाक ते दोन्ही हातांनी गरागरा फिरवायचे. काय दंड होते त्यांचे!

मग भागीदारी आली. नगरपालिका आणि एक खासगी कंपनी मिळून हवामानबदलाशी लढणार, असा मोठा फलक लागला. फाटक पालिकेचं, मोटर कंपनीची. चाक काढून त्या जागी मोटर बसवली आणि उद्घाटनाचं बटण दाबायला शाळेतून मला निवडलं, कारण मी कुणासमोरही न घाबरता भाषण ठोकते. फाटक सुर्रकन खाली आलं. काकांनी खिडकीतून शिट्टी मारली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पायांतलं बळ गेलेलं, म्हणून गल्लीतल्या सगळ्यात खालच्या खोलीत एकटे राहायचे आणि रेडिओ दुरुस्त करायचे.

खोटं कशाला बोलू, मोटर झकास होती. दोन पावसाळे गल्लीत पाणी शिरलं नाही. बाबांची पाठदुखी पळाली. काका मला चिडवायचे, "बडबडे, तुझ्या बटणाने माझ्या दादाची ढेरी वाढवली."

त्या दुपारी भरती मोठी होती आणि वर वादळ. बाबांनी बटण दाबलं, तर फाटक अर्ध्यावरच थांबलं. खाली ओंडका अडकला होता. काही अडकलं की मोटर जळू नये म्हणून आपोआप बंद पडते, आणि तिची पेटी फक्त कंपनीच्या माणसाने उघडायची. बाबांनी फोन लावला. कंपनी म्हणाली, पाण्यातला कचरा पालिकेकडे. पालिका म्हणाली, फाटकाला टेकलेला कचरा कंपनीकडे. दोन्हीकडची माणसं अगदी अदबीने बोलत होती. चाक असतं तर बाबांनी फाटक जरा वर घेतलं असतं, ओंडका जाऊ दिला असता आणि पुन्हा पाडलं असतं. पूर्वी हे ते बोलता बोलता करायचे.

मी काकांकडे धावले. तुम्हाला उचलून वर न्यायला माणसं आणते म्हटलं, तर ते रेडिओच्या तारा जोडत बसलेले.

"दादा आहे ना फाटकावर?"

"आहेत, पण काका..."

"मग एवढी कसली घाई? आहे तो तिथे."

त्यांचं न ऐकता मी शेजाऱ्यांना आणायला पळाले. आम्ही परत आलो तेव्हा खोली खिडकीपर्यंत भरली होती आणि दार पाण्याच्या जोराने हलत नव्हतं. मागून बाबा आले. त्यांनी दाराला खांदा लावला. दार उघडलं, पण फार उशिरा.

पुढे चौकशीसाठी बाबांना कंपनीच्या कार्यालयात बोलावलं. मी सोबत गेले. पालिकेचे साहेबही होते. सगळे हळहळले, अगदी मनापासून. कंपनीच्या एक बाई तर डोळे पुसत होत्या. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

बाहेर पडताना बागेत मला चाक दिसलं. आमचंच. पिवळाधमक रंग दिलेलं, भोवती फुलझाडं, खाली सिमेंटचा ओटा. पोचवायला आलेल्या बाईंना आणि साहेबांना बाबांनी विचारलं, मोटरच्या जोडीला हे पुन्हा बसवून मिळेल का. बाई म्हणाल्या, चाक पालिकेचं, आम्ही कसं देणार. साहेब म्हणाले, ते सुशोभीकरणासाठी कंपनीला दिलंय, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. आणि दोघं आत गेले.

बाबा ओट्यावर चढले. पाय फाकवून उभे राहिले, एक हात वर, एक खाली, आणि चाकावर जोर लावला. सिमेंटात रोवलेलं चाक तसूभरही हललं नाही. त्यांनी पुन्हा लावला.

"बाबा, चला ना घरी."

"थांब," ते म्हणाले. "भरतीची वेळ झालीय."