पेटंटवरचं नाव

उत्पादक संघाच्या अध्यक्षांना माघारी सगळे कुलूपबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. किल्ली उलटीसुलटी कशीही घातली तरी लागणारं त्यांचं कुलूप घरोघरी पोहोचलं होतं. त्या पेटंटच्या पुण्याईवरच त्या चौथ्यांदा निवडून आल्या होत्या. नळवाले असोत की बिजागरीवाले, कुणाच्याही मालाची नक्कल बाजारात आली की कुलूपबाई पदर खोचून उभ्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. वडिलांनी सोडलेला कारखाना आणि हा संघ, एवढाच संसार.

त्या वर्षी नकलांविरुद्धच्या कडक कायद्याचा मसुदा सरकारी समितीपुढे आला. सोमवारी बाईंची साक्ष होती. संघाच्या सचिवांनी त्या साक्षीसाठी खास शोधाशोध करून एक खोकं आणलं.

"हे बघा, तुमच्याच कुलपाची नक्कल. अध्यक्षांच्याच घरात चोरी! समिती गार पडेल."

बाईंनी चार स्क्रू काढून कुलूप उघडलं. आतल्या स्प्रिंगचं टोक आधी आत आणि मग किंचित बाहेर वळवलेलं होतं. हे वळण पेटंटच्या आराखड्यात नव्हतं, त्यांच्या मशीनलाही ते जमत नसे. चिमट्याने, जीभ दातांत धरून ते काढणारा माणूस जगात एकच होता. त्यांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी तो नव्या मशीनवरून भांडून कारखान्यातून गेला, असं बाई सांगत. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"पत्ताही लागलाय," सचिव म्हणाले. "उद्या छापा घालू?"

"थांबा. आधी मी जाऊन येते."

टायरच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या. एकीत लेथ, दुसरीत लांब बाक. भावाचे केस पिकले होते, चष्मा कपाळावर चढवलेला होता. त्याने फडक्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"बस, ताई."

"सगळे बरे आहेत?"

"बरे आहेत. मुलीचं लग्न झालं दोन वर्षांपूर्वी."

भाचीचं लग्न झालं हे बाईंना आत्ता कळत होतं. आवाज चढवूनच त्या म्हणाल्या, "तू नक्कल करतोयस."

"कुणाची?"

त्याने साधं विचारलं होतं.

सोळा वर्षांपूर्वी पेटंटचा अर्ज भरायला त्या एकट्याच गेल्या होत्या. संशोधकाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. सह्या त्यांच्या, हेलपाटे त्यांचे, आणि भाऊही हसून म्हणाला होता, "लिही गं कुणाचंही, घरातच आहे." मग बक्षीस मिळालं, मुलाखती झाल्या. अंधाऱ्या जिन्यात किल्ली लागेना आणि तिथेच कुलूप सुचलं, ही हकिगत त्या इतक्यांदा सांगत गेल्या, की तो जिना त्यांना डोळ्यांपुढे दिसायचा. खरं तर जिन्यात अडकला होता भाऊ.

"मी मशीनवरून भांडून गेलो असं तू सांगतेस ना लोकांना?" तो म्हणाला. "ती जिन्याची मुलाखत वाचली आणि गेलो. एकदा तरी म्हणशील वाटलं होतं, भावाने केलंय."

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुला माहीत नव्हतं का?"

बाई उठल्या. त्याने दारापर्यंत सोबत केली, पण पुन्हा ये म्हणाला नाही.

दुपारी त्यांनी कार्यकारिणीला सगळं सांगितलं. सोमवारी समितीपुढेही हेच सांगणार, म्हणाल्या. खोलीत एकच गलका झाला.

"बाई, घरची भानगड चव्हाट्यावर कशाला?" नळवाल्यांनी हात जोडले. "कायदा होऊ द्या, मग हवं ते सांगा."

"संघाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," सचिव म्हणाले. दहा वर्षांत पहिल्यांदाच ते बाईंकडे न बघता बोलले.

सोमवारी बाईंनी सांगितलंच. समितीच्या प्रमुखांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला हा कायदा हवा आहे की नको?"

"हवाच आहे," बाई म्हणाल्या. "माझ्यासारख्यांपासूनही हवा आहे."

पेपरांनी दोन दिवस बाईंना सोलून काढलं. मसुदा बारगळला नाही, पण पुढच्या अधिवेशनावर गेला, आणि त्याचं खापर बाईंवर फुटलं. महिन्याभरात बिजागरीवाले अध्यक्ष झाले. निरोप समारंभ ठेवायचं कुणाला सुचलं नाही. बाईंनी आपला पेला आणि चष्म्याची डबी पिशवीत टाकली आणि शिपायाला येते म्हणून त्या निघाल्या. दिवसभर खणखणणारा त्यांचा फोन मुका झाला. जेवताना त्या टीव्ही लावून ठेवू लागल्या. बातम्या त्यांच्या कानांवरून जात, पण घरात माणसाचा आवाज असे.

पेटंटवर संशोधक म्हणून भावाचं नाव लावायचा अर्ज त्यांनी केला. कुलूप बनवायचा हक्कही त्याला लिहून दिला. कागद त्याची सही होऊन टपालाने परत आले. बाईंनी पाकीट दोनदा झटकून पाहिलं. सोबत चिठ्ठी नव्हती.

रविवारी त्यांनी त्याच्या घरी फोन लावला. भावजयीने उचलला.

"ते कामात आहेत हो, वन्सं. सांगते त्यांना."

त्याचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी बाईंनीच पुन्हा केला. आता दर रविवारी करतात. भावजय चार मिनिटं बोलते, भाचीचं सांगते, बाईंच्या गुडघ्याची चौकशी करते. पलीकडे कधी खुर्ची सरकते, कधी भाऊ खोकतो. बाई ऐकतात. त्याला फोन दे, असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही.