बिनशिदोरीचा रस्ता

वृषाली बंगलोरले नोकरीवर निघाली होती, अन् घरात वाजलं ते दशम्यांवरून.

रामाकोन्यात तिच्या बापाच्या, गुणवंताच्या घरी रस्ता कधी किलोमीटरनं मोजलाच नाही. सौंसर म्हंजे खिशात फुटाणे. नागपूर म्हंजे पोळी-भाजीचा एक डबा. अन् गुणवंता संत्र्याच्या ट्रकसोबत दिल्लीले जाये तेव्हा दुधात भिजवलेल्या दशम्या. त्यातली एक तो मुद्दाम उरवून आणे, वाळून कडक झालेली. तिच्यासाठी वृषाली अन् तिचा लहान भाऊ अंकुर एकमेकांचे केस उपटत. दिल्ली पाहून आलेली दशमी होती ती. तुकडा चावला का अंकुरले वाटे, आपणबी जाऊन आलो. आता व्यापारी बगीच्यातूनच माल उचलते, गुणवंता कुठंच जात नाही.

पावणेदोन घंट्यात विमान पोचते, कायले पाह्यजे दशम्या, असं वृषालीचं म्हणणं. गुणवंतानं विचारलं, किती किलोमीटर. हजाराच्या वर, ती म्हणे. त्यावर गुणवंता बोलला,

"हजार किलोमीटर, अन् बिनशिदोरीची?"

आईनं गाठोडं बांधून सरळ अंकुरच्या हातात देलं. दहावीतच शाळा सोडलेला, राग नाकावर. पण वृषालीले सोडाले नागपूरले तोच निघाला.

विमानतळाच्या दारात त्यानं गाठोडं पुढं केलं. वृषालीसोबतच नोकरीवर लागलेली एक पोरगी बाजूले उभी होती. वृषालीनं आधी तिच्याकडे पाह्यलं, मंग गाठोड्याकडे. म्हणे, बॅगीत जागा नाही रे. अंकुरनं ते पाहणं बरोबर टिपलं होतं.

"लाज वाटते तर तसं सांग ना."

अन् गाठोडं घेऊन तो वळला. मांगून तिनं हाक मारली, तरी थांबला नाही.

परतीच्या बसमध्ये सावनेर गेल्यावर त्यानं एक दशमी काढली, अन् तशीच पुन्हा गाठोड्यात ठेवली. नागपूर पाहूनच परतली बिचारी. बाबा निघत तेव्हा ट्रक वळणाआड जाईपर्यंत आख्खं घर रस्त्यावर उभं राहे. अन् आपण बहिणीले दारातून आत जातानाबी पाह्यलं नाही. आता हेच तिच्या ध्यानात राहीन का? त्याले सौंसर येईपर्यंत तेच खात राहिलं.

सौंसरच्या स्टँडवर फोन वाजला.

"कुठं आहेस?" वृषालीनं विचारलं.

"सौंसरले. रामाकोन्याची गाडी नाही आली अजून. तू?"

"मी उतरलो. बॅगीची वाट पाहून राहिलो."

"म्हंजे तू बंगलोरले पोचली, अन् मी रस्त्यातच?"

ती हसली.

"त्या पोरीनं विमानात डबा काढला रे," ती म्हणे. "तिच्या आईचे मेथीचे पराठे. मले विचारलं, तुह्या घरून काही देलं नाही का."

अंकुरच्या जिभेवर एक झणझणीत टोमणा आला होता. तो त्यानं गिळला. "मंग काय सांगितलं?"

"रडूच आलं मले."

तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टर रामाकोना, रामाकोना ओरडून राहिला होता. बसच्या आवाजात फोनवरचं नीट ऐकू येईना. अंकुर स्टँडच्या मागच्या भिंतीकडे गेला अन् एक कान बोटानं बंद केला.

"जाऊ दे गाडी," तो म्हणे. "बोल तू."