काही वाया जायला नको

“ह्या खिशाला मुंग्या कशानं लागल्या?”

दाक्षायणीनं नवऱ्याचा खाकी शर्ट बादलीवर आडवा धरला होता. सोमशेखर मोरीच्या उंबऱ्यावर बसून उजव्या पायाच्या अंगठ्यावरची पट्टी सोडत होता. त्यानं एकदा वर पाहिलं आणि परत मान खाली घातली.

“खडीसाखर हाय. चक्कर आली तर तोंडात टाकायला. डॉक्टरनीच सांगितलंय न्हवं का.”

“चक्कर साखर उतरल्यावर येती म्हणं. तुमची कवा उतरली?”

त्यानं पट्टीचा शेवटचा वेढा सोडला. गेले काही आठवडे त्याची साखर नुसती चढत होती. डॉक्टरांनी इन्सुलिनचं माप दोनदा वाढवून दिलं, तरी ती उतरायचं नाव घेत नव्हती. कारखान्यातल्या बुटानं अंगठा सोलवटला, एवढीशी जखम. पण ती भरायच्या ऐवजी तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. साखर आटोक्यात आली नाही तर पायाचं सांगता येणार नाही, असं डॉक्टर गेल्या खेपेला तोंडावर म्हणाले होते. तेव्हापासून दाक्षायणीनं गूळ कुलपात ठेवला होता आणि स्वतःच्या चहातली साखरही बंद केली होती. एवढं करून साखर चढते म्हणजे माणूस बाहेर खातो, असा तिचा सरळ हिशेब होता.

“कंपनीत रोज कुणी ना कुणी पेढे वाटतंय. कुणाला पोरगं झालं, कुणाची गाडी आली. तुमी न्हाय म्हणत असाल व्हय?”

“न्हाय म्हणतो.”

“मग साखर काय वाऱ्यानं येती का? पाय तुमचा हाय, माझा न्हाय. जिभेला एवढं आवरंना?”

सोमशेखरनं जखमेवर पावडर टाकली, पट्टी गुंडाळली. मग दमल्यासारखा म्हणाला, “बरं. खाल्ला एकदा पेढा. झालं समाधान?”

“एकदाच?”

“साकु, दाक्षा.”

पुरे म्हणायचं झालं की तो कानडीत म्हणायचा. दाक्षायणीचं माहेर कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचं, तिला हा शब्द लहानपणापासून ओळखीचा, आणि तो आला की भांडण पुढं न्यायचं नाही हे इतक्या वर्षांत ठरून गेलं होतं. तिनं सकाळचं इंजेक्शन भरून दिलं, त्यानं ते पोटाला टोचून घेतलं, खडीसाखरेची पुडी अंगातल्या शर्टाच्या खिशात टाकली आणि चिंचोळी एमआयडीसीची बस पकडायला तो पाय ओढत निघाला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात उभी होती. पेढा कबूल करून घेतला तरी तिचा जीव थंड झाला नव्हता. तिला नवऱ्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

आत आल्यावर तिनं रोजच्यासारखं फ्रीजचं बटण बंद केलं.

दाक्षायणी काटकसरीत अख्ख्या गल्लीत पहिली. तिच्या घरातून फेकायची वस्तू बाहेर आलेली घंटागाडीवाल्यानं क्वचितच पाहिली असेल. साबणाचे तुकडे जुन्या मोज्यात भरून ती त्यानं भांडी घासायची. चहाचा चोथा धुऊन गुलाबाला. उरलेल्या भाकरीची तव्यावर कडक भाकरी, आणि तिचा चुरा झाला तर तो दह्यात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात तांदूळ धुतलेलं पाणी तिच्याकडे तीन कामं करून मग मोरीत जायचं. झिजलेल्या चपलांचे तुकडे कापून तिनं कॉटच्या पायांखाली घातले होते, म्हणजे फरशी खरवडत नाही. सोमशेखर चेष्टेनं म्हणायचा, “मी गेल्यावर माझंबी काहीतरी करून ठिवशील.” ती म्हणायची, “तुमचा उपयोग जित्तेपणी न्हाय, मेल्यावर काय व्हनार?”

ही काटकसर हौसेची नव्हती. लग्न झालं तेव्हा सोमशेखर मिलमध्ये होता. मिल बंद पडली, त्यानंतरचा काळ त्यांनी कसा काढला ते दोघांनाच माहीत. त्या दिवसांत तो नुसता बसून असायचा आणि ती कालच्या वस्तूतून आजचा दिवस काढायची. लेक भुवनेश्वरी त्यातच शिकली. पुढं चिंचोळीला काम लागलं, पत्र्याचं का होईना घर झालं, पण दाक्षायणीचा हात सैल झाला नाही. काही वाया जायला नको, हे तिच्या जगण्याचंच वळण होऊन बसलं.

फ्रीज लेकीनं घेऊन दिलेला. दाक्षायणीला तो घरात येऊन बसलेल्या खादाड पाहुण्यासारखा वाटे. आत असायचं काय, तर पाण्याची बाटली, दह्याची वाटी आणि नवऱ्याच्या इन्सुलिनची बाटली. एवढ्याशासाठी दिवसभर लाईट जाळायची हे तिला पटेना. होळीच्या सुमारास आलेलं बिल पाहून तिनं ठरवून टाकलं. सकाळी बटण बंद, संध्याकाळी चालू. सुट्टीच्या दिवशीही तसंच. दार उघडायचं नाही, म्हणजे गारवा आत टिकतो. पुढच्या महिन्यात बिल उतरलं आणि ते तिनं सोमशेखरला मोठ्या अभिमानानं दाखवलं. “हुशार हाय बया,” तो म्हणाला होता.

मुंग्यांवरून भांडण झालं त्याच आठवड्यात गल्लीतल्या बचत गटाचं हळदीकुंकू होतं. कमलम्माच्या अंगणात कापडाचा मांडव घातलेला. पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि घाम पुसणाऱ्या बायका. गटाची अध्यक्ष कमलम्माच. ती म्हणाली, “दरवर्सी नुसतं कुंकू लावून जातोय आपण. औंदा दाक्षायणीअक्का चार गोष्टी सांगतील. घर कसं चालवायचं ते त्यांच्याकडनं शिकावं.”

दाक्षायणी आयुष्यात कधी चारचौघींसमोर उभी राहिली नव्हती. आधी तिला पदर कुठं घ्यावा कळेना. पण मोज्यातला साबण सांगितल्यावर बायका हसल्या, कुणी “खरंच की” म्हणालं, आणि तिचा आवाज मोकळा झाला. भात अर्धा शिजला की गॅस बंद करून पातेलं जुन्या चादरीत गुंडाळायचं. जुन्या सोलापुरी चादरीचा उपयोग पांघरायलाच असतो असं नाही. बायका माना डोलवत होत्या. तिला बरं वाटत होतं. नवऱ्याचा पाय, काळ्या कडा, सगळं घटकाभर मागं पडलं.

“आन लाईटबिल,” ती म्हणाली. “फ्रीज दिवसभर चालू ठिवायची काय बी गरज न्हाय. आमच्यात सकाळी बंद करती, सांजच्याला लावती. दार उघडलं न्हाय की झालं.”

पुढच्या रांगेत वैजयंती बसली होती. ती नुकतीच गल्लीत भाड्यानं राहायला आलेली, एका दवाखान्यात नर्स; परवाच तिनं दारात बसलेल्या सोमशेखरचा पाय पाहिला होता. तिनं सहज विचारलं, “पण काकू, काकांचं इन्सुलिन कुठं ठेवता मग?”

“फ्रीजमधीच की.”

बोलून झाल्यावर दाक्षायणी थांबली. वैजयंती तिच्याकडे बघत होती. बाकीच्या बायकांना काही कळलं नाही, कुणीतरी पन्ह्याचा दुसरा पेला मागितला. दाक्षायणीच्या डोळ्यांपुढं आपलं स्वैपाकघर आलं. दुपारी पत्रा तापला की हंड्यातलं पाणीसुद्धा गरम लागायचं. त्याच खोलीत तो बंद फ्रीज होता.

“एवढंच,” ती म्हणाली आणि खाली बसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडताना वैजयंती तिच्या मागोमाग आली. दाक्षायणीनंच विचारलं, “खराब होतं का गं ते?”

“सकाळी तापणार, रात्री गार होणार, परत तापणार... ताकद राहत नाही काकू त्यात.”

“म्हंजी पाणीच टोचत हुते त्येनी?”

वैजयंतीनं तिचा हात धरला. “आजच नवीन बाटली आणा. आणि काकांना मोठ्या दवाखान्यात दाखवा, पाय मला बरा वाटला नाही परवा.”

दाक्षायणीनं नवीन बाटली आणली. जुनीत अजून निम्मं औषध होतं. तिनं ते मोरीत ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काहीतरी अर्धं टाकून दिलं, आणि टाकताना तिला वाटलं की ही बाटली जिथं ठेवली होती तिथंच आपल्या हातानं आपण नवऱ्याचा पाय ठेवला होता. त्या रात्री जेवताना ती दोनदा बोलायला गेली. दोन्ही वेळा तिनं भाकरीच वाढली.

फ्रीज आता दिवसरात्र चालू राहिला. साखर उतरायला लागली. पण पायानं तोवर थांबून राहायचं कबूल केलेलं नव्हतं. ताप भरला, अंगठ्याचा काळा रंग पावलावर चढला, आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिल्यावर आधी खिडकी उघडायला सांगितली.

“गुडघ्याखाली काढावा लागेल,” ते म्हणाले. “नाहीतर माणूस हातचा जाईल. एवढी साखर राहिलीच कशी? इंजेक्शन चुकवत होता?”

“न्हाय साहेब.”

“मग पथ्य? गोड खात होता का?”

सोमशेखरनं दाक्षायणीकडे पाहिलं. ती पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. तो डॉक्टरांकडे वळला आणि म्हणाला, “व्हय साहेब. खात हुतो. पेढे लई आवडतात मला.”

“घ्या. आणि मग आमच्याकडे येता.”

“न्हाय साहेब,” दाक्षायणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “त्येनी एक कण खाल्ला न्हाय. मी फ्रीज बंद ठिवत हुते. बिल वाचवायला. औषध त्यात तापत हुतं. त्यांचा कायबी दोष न्हाय. मी रोज सकाळी बटण बंद करायची, रोज, आन वर त्यास्नीच—”

“साकु, दाक्षा,” सोमशेखर म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. मग त्यांनी सही कुठं करायची ते दाखवलं आणि पुढच्या कॉटकडे गेले.

संध्याकाळ झाली. सोमशेखर छताकडे बघत पडून होता. त्याला राग आला असेल तर त्यानं ओरडावं असं तिला वाटत होतं. ओरडला असता तर तिला श्वास घेता आला असता. शेवटी तिनंच विचारलं, “तुमाला ठावं हुतं?”

“सुट्टीदिवशी फ्रीज घरघरत हुता. कवा चालू नसायचा त्यो. नवी बाटलीबी दिसली. तवाच उमगलं.”

“मग बोलला का न्हाय?”

“बोलून पाय ऱ्हातोय व्हय?” त्यानं तिच्याकडे मान वळवली. “ती खडीसाखर अजून खिशात हाय बघ. हाय तशी हाय. पेढा मी खाल्ला नव्हता, दाक्षा. एवढं ध्यानात ठिव.”

“मग खाल्ला म्हणून का सांगितलं?”

“तुला काहीतरी कारण पायजे हुतं.”

तिनं त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. दोन्ही पायांवरचं केलं, आणि मग तिथंच तोंड लपवून ती रडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पण पाय बाजूलाही घेतला नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. भुवनेश्वरी आली, बापापाशी बसली आणि आईला म्हणाली, “तू घरी जाऊन भाकरी घिऊन ये.” कारखान्यात उभ्याचं काम होतं, तिथं आता त्याला कोण ठेवून घेणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

घरात शिरल्यावर तिला आधी फ्रीजचा आवाज ऐकू आला. इन्सुलिन दवाखान्यात होतं, दही संपलं होतं, पाण्याची बाटलीही तिकडंच होती. आत काहीसुद्धा नव्हतं. तिचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि तसाच परत आला. फ्रीज चालू राहिला.

तिनं भाकरी थापल्या. शेंगाचटणी बांधली. मग पिशवी रिकामी करताना तळाशी त्याच्या चपला लागल्या. वॉर्डात नेताना नर्सनं काढून तिच्या हातात दिलेल्या, दोन्ही. मोच्याकडून शिवून आणलेल्या, अजून चांगल्या टिकल्या असत्या. डावी त्याला घरी आणताना लागणार होती. ती तिनं बाजूला ठेवली.

उजवी हातात घेऊन ती कॉटवर बसली. एका चपलेचं काय करायचं ते तिला चांगलं माहीत होतं. कॉटच्या एका पायाखालचा तुकडा कधीचा झिजून गेला होता, उठता-बसता फरशी खरवडत होती. विळी समोर होती. तिनं चप्पल विळीच्या पात्यावर धरली, टाचेचा भाग, जिथं रबर जाड असतं. टाचेवर त्याच्या पायाचा ठसा उमटलेला होता.

थोड्या वेळानं तिनं विळी मिटवली. ओल्या फडक्यानं दोन्ही चपला पुसल्या आणि दाराशी, तो कामावरून आल्यावर काढायचा तिथं, जोडीनं ठेवल्या. मग भाकरीचं गाठोडं उचलून ती दवाखान्याकडे निघाली.