घरचं माणूस

आमच्या खोक्यांच्या कारखान्याला कारखाना फक्त आमचे हे म्हणतात. बाकी सगळे त्याला मागची खोली म्हणतात. तिथे हे पुठ्ठा कापतात, मी घड्या घालते आणि खळ लावून चिकटवते. चपलांची खोकी. लग्न झालं त्या आठवड्यात ‘जरा हात लाव’ म्हणाले, तो लावलेला हात अजून काढलेला नाही. खळीने बोटांची टोकं अशी झालीत की कप गरम आहे की गार, ते ओठांना लावल्यावरच कळतं.

यंदा चपलांच्या दुकानदाराने नाक मुरडलं. खोकी वाकडी कापली जातात, मशीनवरची द्या, नाहीतर दुसरीकडून घेतो म्हणाला. आमचं मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच. मशीनसाठी कर्ज हवं, आणि कर्जासाठी बँकेच्या एका दिवसाच्या वर्गाला बसायला हवं. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

‘मला धंदा शिकवणार होय? तू जाऊन बस. तुला काय, तेवढाच आराम.’

मी बसले. शिकवणारी बाई माझ्या धाकट्या नणंदेच्या वयाची, पण बोलायला चटपटीत. वस्तूची किंमत कशी काढायची ते तिने फळ्यावर मांडलं. माल, भाडं, वीज. मग म्हणाली, ‘मालकाला नफा तरी मिळतो. पण घरातलं जे माणूस दिवसभर राबतं, त्याचे हात काय रस्त्यात सापडले?’ वर्ग हसला, मीही हसले. ‘त्या कामाला बाहेरचं माणूस ठेवलंत तर काय द्याल? तेवढं खर्चात धरा.’

घरी येऊन धरलं. चिकटवायला बाई ठेवली तर जे द्यावं लागेल तेवढंच, वर एक पैसा नाही. नफा गायब झाला. उलट थोडा तोटाच निघाला. माझं चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडलं, तर पुन्हा तेच. म्हणजे इतकी वर्षं जो नफा आम्ही पाहुण्यांपुढे मिरवला, तो माझाच न दिलेला पगार होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं.

ह्यांना कागद दाखवला.

‘तुला पगार?’ हे इतके हसले की ठसका लागला. ‘मग मालकीणबाई, जेवणाचे किती कापू?’

विनोद काही वाईट नव्हता. पाणी मीच आणून दिलं.

बँकेतले साहेब मात्र हसले नाहीत. सभ्य माणूस. कागद वाचून म्हणाले, ‘ताई, असा तोटा दिसला तर कर्ज मंजूर व्हायचं नाही. ही एक ओळ काढा. घरच्या माणसाचं कोण धरतं?’

‘वर्गात बाईंनी तसंच सांगितलं.’

‘ते समजून घ्यायला बरोबर आहे हो. कर्जाला नाही चालत.’

ह्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. ‘अगं, मशीन आलं की कष्ट तुझेच वाचणार आहेत.’

मला ती ओळ तिथे हवी होती. पैसे नको होते, आणि होते कुठे द्यायला? नुसती लिहिलेली राहिली असती तरी पुरे होतं. पण दुकानदार काही थांबणार नव्हता. मी ओळ खोडली. रेघ मात्र अगदी सरळ आली. कर्ज मंजूर झालं.

मशीन कापतं, घड्या घालतं, चिकटवतं. ते चालवायला कारागीर ठेवला. भला माणूस, मला वहिनी म्हणतो. त्याला चहा देता देता मी बघत राहायची, तेवढ्यावरच मशीन चालवणं मलाही यायला लागलं. वर्ष सरल्यावर बँकेत पुन्हा हिशेब द्यायचा होता. कारागिराचा पगार ह्यांनी पहिल्याच ओळीत लिहिला. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. खर्च म्हणजे खर्च.

गेल्या आठवड्यात कारागीर तापाने फणफणला. माल त्याच दिवशी पोचवायचा होता आणि हे वसुलीला बाहेर जाणार होते. मशीन मी चालवलं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. एकही खोकं वाकडं गेलं नाही. ह्यांनी परत येऊन थप्प्या मोजल्या, कारागिराची त्या दिवसाची मजुरी कापून ठेवली आणि खुशीत हात चोळले.

‘चला, आजचा पगार वाचला.’

‘कुणाचा?’ मी विचारलं.

‘कुणाचा म्हणजे? त्याचा. आज मशीनवर माणूसच नव्हता ना.’