मी आता एकट्या राजरत्नचा

मी एक सोलापुरी टॉवेल. डिलाईल रोडच्या चाळीत, गॅलरीतल्या दोरीवर, कडक उन्हात वाळतोय. आज राजरत्न पुन्हा कामावर निघालाय आणि ही सगळी गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सोलापुरात मागावर माझा जन्म झाला. अंगभर निळे पट्टे घेऊन मी दादरच्या फुटपाथवर आलो. रमाबाईंनी मला चोळून, उजेडात धरून पाहिलं आणि घरी आणलं. घरात त्या, मुलगा राजरत्न आणि धाकटी रुपाली. मोरीपाशी एकच खिळा आणि त्यावर मी एकटा. एकाचं तोंड पुसून होतंय तोच दुसरा हात मला ओढायचा. माणसं सगळ्यांसमोर हसतात, पण माझ्याआड एक क्षण चेहरा सैल सोडतात. ते मला ठाऊक.

राजरत्नचा चेहरा वाळत चालला होता. मग काखेत, मांडीवर, पाठीवर गळवं उठू लागली. एक बसलं की दुसरं. कामावर जाणंही थांबलं. उष्णता म्हणून रमाबाईंनी सब्जा पाजला. शेवटी परळच्या इस्पितळात तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला, तोही बराच पुढे गेलेला. प्रतिकारशक्ती इतकी खालावली होती, की एरवी कातडीवर गुपचूप राहणारे जिवाणूही त्याच्यावर उठले होते.

रमाबाईंनी घाबरून त्याचं ताट वेगळं काढलं. रुपाली भडकली. जेवल्याने, शिवल्याने हा रोग लागत नाही, हे ती इस्पितळात नीट ऐकून आली होती.

"आई, शिवाशीव आता आपल्याच घरात सुरू करतेस?"

रमाबाईंनी वेगळं काढलेलं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. रुपालीने दादाच्या ताटातला भात खाल्ला आणि त्याने नुकतंच अंग पुसून ठेवलेल्या मला उचलून तोंड पुसलं. मग रोजच. मी केवढा फुगलो! चाळीत एवढा मान दुसऱ्या टॉवेलला नसेल. फुटलेल्या गळवांचा ओलावा माझ्या धाग्यांत मुरतोय, हे मात्र कुणालाच सुचलं नाही.

थोड्याच दिवसांत रुपालीच्या मानेवर गळू आलं.

रमाबाईंना वाटलं, राजरत्नचा रोग हिलाही लागला. राजरत्नने बॅग भरली. भायखळ्याला मित्राकडे राहतो म्हणाला, पण त्याचा आवाज परत न येणाऱ्या माणसाचा होता. रुपालीने बॅग हिसकावली. आधी डॉक्टरकडे चल, मग कुठे जायचं तिथे जा, असं दरडावून तिने मला गळ्याभोवती गुंडाळलं आणि त्याला ओढत नेलं. तिची मान तापली होती आणि खाली नाडी धडधडत होती.

डॉक्टर मीनाक्षींनी मला बाजूला करून गळू पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा टॉवेल कोणाचा?"

"आमचा सगळ्यांचा. आईने दादाचं ताट वेगळं काढलं होतं, तेही मी बंद केलं," रुपाली ताठ मानेने म्हणाली.

"अगं, एचआयव्ही टॉवेलवरून येत नाही. गळवाचे जिवाणू येतात. ताट एक ठेवा, टॉवेल वेगळे करा. आई आणि तू, दोघींनी नेमकं उलटं केलंत."

राजरत्नने खात्री करून घ्यायला विचारलं, "म्हणजे हिला माझा रोग नाही लागला?"

"नाही. गळू लागलंय. औषधाने बरं होईल. आणि तुझ्या गोळ्या तू चुकवायच्या नाहीस."

राजरत्नला रडू फुटलं. डोळे पुसायला त्याने मला धरलं, तर रुपालीने मला मागे खेचलं.

"शर्टाला पूस. वेगळे करायला सांगितलेत ना?"

तो रडता रडता हसला.

त्या संध्याकाळी रमाबाईंनी मला उकळत्या पाण्यात घातलं. जीव गेलाच असं वाटलं, पण स्वच्छ होण्याचं सुख काय असतं तेही कळलं. मोरीपाशी आणखी दोन खिळे ठोकले गेले. गळवं बसली. एचआयव्हीच्या गोळ्या रोज चालूच आहेत आणि राजरत्नच्या गालांवर मांस धरू लागलंय.

तुम्हीही प्रत्येकाला आपापला टॉवेल द्या, त्याला ऊन दाखवा आणि जेवायला मात्र एकत्र बसा. एवढंच मागणं आहे माझं.

आतून हाक येतेय, "आई, माझा टॉवेल वाळला का?"

माझा, म्हणाला तो. वेगळं असणं त्याला आता टोचत नाही.

वाळलोय रे. ये लवकर.