पडद्यावर बुडालेली माझी कावेरी

मी एक जुनी कादंबरी आहे. निळी कापडी बांधणी, तीनशे बारा पानं. मित्रांनो, माझं पहिलं पान उघडलंत तर तीन शिक्के दिसतील. पहिला ग्वाल्हेर दरबारचा, दुसरा मध्यभारताचा, तिसरा मध्यप्रदेशाचा. मी मात्र त्याच कपाटात, त्याच फळीवर होते. राज्यंच माझ्या अंगावरून बदलत गेली.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शेवटचं पान जुळवताना अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने डोळे पुसले होते. मला बरं वाटलं. कदाचित दिव्याचा धूर असेल. तिथून आगगाडीने मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी वाचनालयात आले. बायका मला घरी नेत. दुपारी एकीने वाचायचं, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकायचं. एकशे चाळिसाव्या पानावर मेथीचं एक पान अजून चिकटून आहे. ते माझं पदक.

माझी गोष्ट साधी. कावेरी नावाची मुलगी परगावी नोकरीला जाते. चुकते, रडते, शिकते. शेवटच्या पानावर स्वतःच्या खोलीला स्वतः कुलूप लावून कामावर निघते. बस्स.

छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. पेट्या भरभरून फायली निघाल्या. शेजारच्या मुरार गावातल्या दुर्गालाही तिकडच्या कचेरीत टाइपिस्टची नोकरी लागली. वसतिगृहासाठी वडिलांचं संमतिपत्र हवं होतं. वडील दिनकरराव दरबारच्या कचेरीत फायली लिहून म्हातारे झालेले. एकटी मुलगी पाठवायला ते तयार होईनात. दुर्गाने मला वाचनालयातून आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाबा, आधी हे वाचा. मग नाही म्हणा."

त्यांनी मला फाईल वाचावी तसं वाचलं, शेजारी टाचणवही घेऊन. चौथ्या दिवशी म्हणाले, "मजकूर समाधानकारक आहे." आणि संमतिपत्र लिहून दिलं. एवढी मोठी शाबासकी मला आजवर मिळाली नव्हती!

त्याच आठवड्यात माझ्यावरून काढलेला हिंदी चित्रपट लागला. दुर्गाने मलाही नेलं. आईवडिलांच्या मध्ये बसून ती मला मांडीवर उघडं धरून होती. मी फुगले होते अगदी.

मित्रांनो, मी हादरले. माझ्या कावेरीचा चष्मा गेला. तिला सात गाणी आली. माझ्या तीनशे बारा पानांत कुठेच नसलेला एक मिशीवाला साहेब आला. आणि शेवटी तिने नदीत उडी घेतली. नदीत! माझ्यात नदीच नाही हो!

एक खरं सांगते. कावेरी निघते तेव्हा आई डबा बांधते, त्याला मला चार पानं लागली होती. पडद्यावरच्या आईने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. तोंडातून शब्द नाही. तेव्हा मला हेवा वाटला.

बाहेर टळटळीत ऊन होतं. टांग्यात बसता बसता दिनकरराव म्हणाले, "दुर्गे, ते संमतिपत्र परत दे."

"बाबा! पुस्तकात ती मरत नाही!"

"पुस्तक सदतीस सालचं, चित्रपट छप्पनचा. नंतरचा हुकूम आधीचा रद्द करतो. आठ वर्षांत दोनदा राज्य बदललं तेव्हा पाहिलंय मी."

मला दुसरा धक्का बसला. हा भला माणूस त्या नदीला माझी सुधारणा समजत होता! सोमवारी हजर व्हायचं होतं. दुर्गाने पत्र काढून दिलं आणि तोंड फिरवलं.

तिची आई शामलाबाई नवऱ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "अहो, सुधारित हुकूम काढतं कोण?"

"ज्याने मूळ काढला तो. नाहीतर त्याच्या वरचा."

"मग लेखिकेच्या वरचे हे पिक्चरवाले कोण? बुडवायला तिची सही होती?"

"तिचं नाव होतं ना सुरुवातीच्या पाट्यांत."

"होतं तर! शिंप्याच्या खाली. मी बघते बघते तोवर दाढ्या चिकटवणारा आला."

टांगेवाला हसला. "बहनजी ठीक कहती हैं, साहब."

दिनकरराव हसले नाहीत. हलकेच म्हणाले, "आणि खरंच बुडाली तर?"

आता ते हुकमाचं बोलत नव्हते. दुर्गाला ते कळलं. "बाबा, मला पोहता नाही येत, मान्य. पण तिथे मला टाइप करायला बोलावलंय."

त्यांनी मला तिच्या मांडीवरून उचललं आणि भर रस्त्यात शेवटचं पान मोठ्याने वाचलं. कुलपाचं वाक्य दोनदा वाचलं. मग माझ्यात संमतिपत्र ठेवून मला परत दिलं. "मूळ हुकूम कायम."

सोमवारी दुर्गा भोपाळला हजर झाली.

जाताना ती मला वाचनालयात परत देऊन गेली, आणि माझे हाल तिथून सुरू झाले. चित्रपट पाहिलेले लोक यायचे, "बुडते का बघू" म्हणत थेट शेवट उघडायचे आणि मला टाकून जायचे. माझा कणा मागच्या बाजूने मोडला. ग्रंथपाल नानांनी सुतळी बांधली, म्हणून उभी आहे.

मित्रांनो, चित्रपट जरूर बघा. ती गाठ मारणारी आई मला सुद्धा पुन्हा बघायची आहे. पण मग घरी येऊन आम्हाला हातात घ्या, पहिल्या पानापासून. आणि कुणी छातीठोक सांगितलं की कावेरी बुडाली, तर त्याला एवढंच विचारा, "कोणत्या पानावर?"